चार बॅरलचा कार्ब्युरेटर: जेट बदलण्याआधी या चुका टाळा

1952 साली ब्यूइक, कॅडिलॅक, ओल्डस्मोबाइल या गाड्यांवर चार बॅरलचे (हवेच्या चार नळ्यांचे) कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग, आले. कल्पना साधी: रोजच्या चालीला पुढचे दोन बॅरल, जोर हवा तेव्हा मागचे दोन. जुनी मस्टँग किंवा कमॅरो सांभाळणारे हौशी लोक नेमकं हेच विसरतात आणि रस्त्यावरच्या इंजिनाला 850 सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा घेणारा) रेसिंग कार्ब्युरेटर चढवतात.

आधी हिशेब करा. इंजिनाचे घनइंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले 3456. 350 घनइंचाचं इंजिन 5500 आरपीएमला 557 सीएफएम मागतं, आणि तेही सिलिंडर पूर्ण भरले तर. साध्या इंजिनात ते 85 टक्क्यांच्या आसपासच भरतात, म्हणजे 475 सुद्धा लागत नाहीत. 600 चा भरपूर झाला. त्याहून मोठ्या व्हेंच्युरीत (बॅरलच्या अरुंद गळ्यात) कमी आरपीएमला हवा मंदावते, पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि गाडी सिग्नलवरून मरगळून निघते. 1969 चा होली कंपनीचा मोठा डॉमिनेटर कार्ब्युरेटर रेससाठी होता. तिथे इंजिन खालच्या आरपीएमला येतंच कुठे?

मग 750 सीएफएमचा रोचेस्टर क्वाड्राजेट साध्या घरगुती गाड्यांवर कसा चालला? त्याचे पुढचे बॅरल बारीक आहेत आणि मागच्यांवरची हवेची झडप इंजिनाच्या मागणीइतकीच उघडते. नुसता आकडा बघून कार्ब्युरेटर घेऊ नये तो यासाठी.

होलीवर सर्रास होणारी चूक आयडलची, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन चालू राहण्याच्या गतीची. कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) तिखट, म्हणजे रेसिंगचा, असला की इंजिन बंद पडतं, म्हणून आयडलचा स्क्रू पिळत राहतात. बटरफ्लाय (बॅरलमधली फिरती चकती) जास्त उघडून ट्रान्सफर स्लॉट (तिच्याजवळची पेट्रोलची चीर) उघडा पडतो, मिक्श्चर स्क्रू फिरवले तरी फरक पडत नाही. कार्ब्युरेटर उतरवून उलटा धरा: स्लॉटचा बटरफ्लायखाली दिसणारा भाग चौकोनी, साधारण अर्धा मिलिमीटर हवा. कमी पडणारी हवा मागच्या बॅरलच्या स्टॉप स्क्रूने द्या.

तरीही धूर काळाच असेल तर पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे जोर लागतो तेव्हा जादा पेट्रोल देणारी झडप, बघा. त्यावर 65 लिहिलंय म्हणजे इंजिनाचा व्हॅक्यूम (हवा ओढण्याचा जोर) पाऱ्याच्या 6.5 इंचांखाली गेला की तो उघडणार. आयडललाच व्हॅक्यूम 6 इंच असेल तर तो कायम उघडाच! कमी आकड्याचा लावा.

पॅडल एकदम दाबल्यावर गाडी अडखळली की दोष जेटचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाचा) ठरवला जातो. खरं तर आधी अ‍ॅक्सिलरेटर पंप, म्हणजे पॅडल दाबताच जादा पेट्रोल सोडणारा पंप, तपासायचा. इंजिन बंद ठेवून लिंकेज (पॅडलला जोडलेला दांडा) किंचित हलवा. पेट्रोलची धार त्याच क्षणी सुटली पाहिजे.

फ्युएल प्रेशरचा गेज मात्र लावाच. होलीला 7 पीएसआयच्या वर नको, एडेलब्रॉक कंपनीच्या कार्ब्युरेटरला 6.5 च्या.