वाइड अँगलवर फिल्टर लावण्याआधी

नवीन वाइड लेन्स हातात आली की बहुतेक जण लगेच फिल्टरचा संच मागवतात. माझा सल्ला विचाराल तर संच घेऊच नका. त्यातले निम्मे फिल्टर ५० मिमीवर गुण दाखवतात आणि १६ मिमीवर डोकेदुखी होऊन बसतात. कारण एकच, कोन. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स कर्णाच्या दिशेने साधारण ४७ अंश बघते, २४ मिमी ८४ अंश आणि १६ मिमी तब्बल १०७ अंश. म्हणजे फ्रेमच्या कोपऱ्यात जाणारा किरण फिल्टरच्या काचेवर पन्नासेक अंशांनी तिरका येतो. पुढची सगळी रडगाणी या तिरकेपणाची आहेत.

पोलरायझरपासून, म्हणजे चकाकी कापणाऱ्या, फिरत्या रिंगच्या फिल्टरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फोटो तोच बिघडवतो. निळं आकाश त्याने गडद होतं हे खरं, पण सगळीकडे सारखं होत नाही. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात परिणाम सर्वांत जास्त, सूर्याच्या आजूबाजूला आणि बरोबर विरुद्ध दिशेला जवळजवळ शून्य. ७० मिमीच्या फ्रेममध्ये आकाशाचा लहानसा तुकडा येतो, त्यामुळे फरक कळत नाही. १६ मिमीत मात्र मधोमध जांभळट निळा डाग आणि दोन्ही बाजूंना फिकट आकाश, असा प्रकार होतो. एडिटिंगमध्ये तो निस्तरणं महाजिकिरीचं. आधीच ओळखायचं असेल तर तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताठ ठेवा आणि मनगट फिरवा. अंगठा आकाशात जिथून जिथून फिरेल तिथे तो पट्टा. तो फ्रेममध्ये येत असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर पोलरायझर सरळ काढून ठेवा. ढगाळ आकाशात काळजी नाही.

मग तो बॅगेत ठेवायचा कशाला? पाणी आणि पानांसाठी. ओढ्याच्या काठाला कॅमेरा खाली घेऊन रिंग सावकाश फिरवून बघा. पाण्यावरची पांढरी चकाकी विरत जाते, आधी काठालगतचे गोटे दिसू लागतात, मग त्यांच्यावरचं शेवाळ, मग तळाची वाळू. ओल्या पानांवरचा पांढरा थर उतरतो आणि खालचा हिरवा रंग वर येतो. हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरला जमत नाही, कारण चकाकीखालचा तपशील सेन्सरपर्यंत पोचलेलाच नसतो. इथेही वाइडचा स्वभाव सुटत नाही. पाण्याचं प्रतिबिंब सर्वांत नीट कटतं ते नजर पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तेव्हा. त्यामुळे पायाजवळचा तळ दिसतो आणि लांबच्या पाण्यात आकाश तसंच राहतं. मला हे उलट आवडतं. रिंग मी कधीच शेवटपर्यंत फिरवत नाही, चकाकी पूर्ण गेली की पाणी मेल्यासारखं दिसतं. एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तो हिशोबात धरा. आणि समोर इंद्रधनुष्य असेल तर जपून; रिंग चुकीच्या जागी राहिली तर ते चक्क नाहीसं होतं.

एनडी, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी गडद काच, घेताना आकड्यांचा घोळ होतो. एनडी ८, ०.९ आणि तीन स्टॉप ही एकाच फिल्टरची नावं. एनडी ६४ म्हणजे १.८ म्हणजे सहा स्टॉप; एनडी १००० म्हणजे ३.० म्हणजे दहा. नवखे दहाच्या मागे लागतात, मी सहा आधी घ्या म्हणतो. १/१५ सेकंदाचा शटर सहा स्टॉपने चार सेकंदांवर येतो, पाणी मऊ होतं पण त्याचा ओघ दिसत राहतो. दहा स्टॉपने तोच मिनिटावर जातो आणि पाण्याचं धुकं होतं. फ्रेम आणि फोकस आधी पक्का करा, फोकस मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा. डीएसएलआर असेल तर आयपीस झाका, मागून प्रकाश शिरतो.

आरपार रंगवलेल्या काचेच्या जाड एनडीत तिरक्या किरणाला काचेतून जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून कोपरे मधल्या भागापेक्षा जास्त काळवंडतात. फिल्टर जितका गडद तितकं हे ठळक. फिरवून गडदपणा बदलता येणारा व्हेरिएबल एनडी तर वाइडवर नकोच. त्यात दोन पोलरायझर एकमेकांसमोर फिरतात, आणि गडद टोकाला फ्रेमभर काळी फुली उमटते.

ग्रॅज्युएटेड एनडी, म्हणजे वर गडद आणि खाली पारदर्शक असलेला फिल्टर, मी जवळपास सोडला आहे. क्षितिज सपाट असेल तरच तो शोभतो. मध्ये झाड किंवा डोंगर आला की त्याचा शेंडाही काळा होतो. ट्रायपॉडवर दोन-तीन एक्स्पोजर घेऊन जोडणं सोपं. यूव्ही फिल्टरचं, म्हणजे अतिनील किरण अडवण्याचं, काम डिजिटल सेन्सरसमोरची काच आधीच करते. उडणारी वाळू किंवा समुद्राचे तुषार असतील तेव्हा तो लावा, रात्री दिव्यांसमोर काढा, नाहीतर फ्रेममध्ये दिव्यांची भुतं उमटतात.

फिल्टरवर फिल्टर चढवला की कडा फ्रेममध्ये डोकावते. हे दुकानातच तपासता येतं. झूम सर्वांत वाइडला, फोकस अनंतावर, अ‍ॅपर्चर एफ/११, समोर पांढरी भिंत. लेन्सचा स्वतःचा काळेपणा एफ/११ला बराचसा निवळलेला असतो, त्यामुळे तरीही कोपऱ्यात धारदार काळं दिसलं तर ती रिंग. कॅमेऱ्यातलं करेक्शन कोपरे कापून हे लपवू शकतं, म्हणून रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल करेक्शन बंद करून उघडा. स्लिम फिल्टरने प्रश्न सुटतो, पण त्यातल्या अनेकांना पुढे आटे नसतात, नेहमीचं झाकण बसत नाही. त्यापेक्षा मोठा फिल्टर आणि तो लहान लेन्सवर बसवणारी स्टेप-अप रिंग घ्या, तोच फिल्टर पुढच्या लेन्सलाही चालतो. फक्त मूळ हूड बहुधा बसत नाही. पुढची काच फुगीर असलेल्या बऱ्याच अतिवाइड लेन्सना आटेच नसतात. त्यांना १५० मिमी रुंदीच्या चौकोनी फिल्टरचा होल्डर लागतो किंवा लेन्समागे जिलेटिन फिल्टर सरकवायची सोय बघावी लागते. लेन्स घेतानाच हा खर्च धरा.

फिल्टर अडकला तर बोटांनी दोन बाजूंनी आवळू नका, त्याने रिंग लंबगोल होऊन आणखी घट्ट बसते. रिंगभोवती जाड रबरबँड चढवा आणि सगळ्या बाजूंनी सारखा, हलका दाब देऊन फिरवा. पितळी रिंग अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी अडकते.