पाळी जायच्या वयात विसरायला होतं, तेव्हा काय करावं

उपकेंद्रात चाळिशी ओलांडलेली बाई येते, बीपी मोजून घेते, गोळ्या पिशवीत टाकते आणि उठता उठता म्हणते, "मन्हा ध्यानमां काहीच ऱ्हात नही, सिस्टर." खरी तक्रार हीच असते, पण निघते सगळ्यात शेवटी. अमळनेर तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून मी ती इतक्यांदा ऐकली आहे, आणि आता माझीही पाळी गेली आहे. म्हणून या तक्रारीपायी कुणी बाई आली की तिला जे सांगते, ते इथे लिहून ठेवते.

आधी नेमकं काय विसरायला होतं ते बघा. ओळखीच्या बाईचं नाव ओठांवर येऊन अडतं, बाजाराच्या यादीतलं एखादं सामान राहून जातं, चुलीजवळून उठून आतल्या खोलीत का आलो ते आठवत नाही. पण कानबाईची सगळी गाणी पाठ असतात, बिबड्यांच्या घाट्यात मीठ किती ते हाताला ठाऊक असतं. जुनं जात नाही, नवं पटकन बसत नाही. पाळी जाण्याच्या काळातलं विसरणं बहुतेक वेळा असंच असतं.

हे मनाचे खेळ नाहीत. आपल्या बीजकोशांतून, म्हणजे ओव्हरीतून, इस्ट्रोजेन नावाचं हॉर्मोन तयार होतं आणि ते फक्त पाळीपुरतं नसतं. नवी गोष्ट लक्षात ठेवणारा मेंदूचा जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस, तिथे आणि कपाळामागच्या भागातही त्याचं काम चालतं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं हे इस्ट्रोजेन एका लयीत उतरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या व्होल्टेजसारखं चढतं-पडतं, लाइट असते पण मोटार धड चालत नाही. सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोनही कमी होतं, त्यामुळे झोप आणि मनाची शांतता बिघडते. पुरुषी म्हणून ओळखलं जाणारं टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंगातही असतं. ते मात्र तरुणपणापासूनच हळूहळू कमी होत आलेलं असतं, पाळी गेली म्हणून एकदम घसरत नाही. त्याच्या नावावर स्मरणशक्तीचं औषध कुणी विकत असेल तर पैसे घरी ठेवा.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी. अमेरिकेत 2,362 बायकांची चार वर्षं तपासणी करून 2009 साली निष्कर्ष छापले गेले. पाळी अनियमित होण्याच्या काळात सरावाने शिकण्याचा वेग मंदावला होता, पाळी पूर्ण बंद झाल्यावर तो परत आला. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्या देशात हे साधारण 46-47 च्या सुमारास होतं, म्हणजे विसरायला चाळिशीतच सुरुवात झाली तर दचकू नका.

आता कामाला लागा. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, त्यावरच दोन महिने चार खुणा करा. पाळी आली तो दिवस, रात्री झोप मोडली तो दिवस, अंगातून वाफा निघाल्या तो दिवस, आणि काही विसरल्यामुळे काम अडलं तो दिवस. मे महिन्यात आपल्याकडे सगळ्यांच्याच अंगाची लाही होते, मग ही वाफ ओळखायची कशी? ती छातीतून मानेवर आणि तोंडावर चढते, काही मिनिटं राहते, घाम फुटतो आणि मागून थंडी वाजते. जानेवारीच्या पहाटेही येते. कॅलेंडर भरलं की बऱ्याच जणींना दिसतं, की विसरभोळा दिवस मोडलेल्या रात्रीनंतर येतो. कातडीला यंत्र लावून वाफा मोजल्या तेव्हाही असंच दिसलं, वाफा जास्त असलेल्या बायकांना ऐकलेले शब्द कमी आठवत होते.

म्हणून औषधाआधी रात्र सुधारा. संध्याकाळनंतरचा चहा बंद. रात्रीचा झणझणीत रस्सा आणि शेवभाजी दोन आठवडे दुपारी खाऊन पाहा. काहींच्या वाफा तिखटाने भडकतात, काहींना काहीच फरक पडत नाही, आणि फरक नसेल तर उगाच जीव मारू नका. झोपताना मशेरी नको, तंबाखूतलं निकोटीन झोप उडवतं. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायची सोय असेल तर उत्तम. सुती पातळ वापरा, उशाशी तांब्या ठेवा. घोरणं मोठं असेल आणि सकाळी उठल्यावरही थकवा असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बायकांच्या घोरण्याचा विषय आपल्याकडे हसण्यावारी नेतात, पण झोपेत श्वास अडकत असला तर लक्षात कसं राहणार?

मग रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-12 आणि साखर. या चारही गोष्टी बिघडल्या की डोकं मंद होतं आणि चारही सुधारता येतात. पाळी जाताना काहींना महिन्यातून दोनदा किंवा फार जास्त रक्त जातं, त्यात हिमोग्लोबिन घसरतं. 12 च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, त्याला वयाचं नाव देऊ नका. माळकरी घरात बी-12 कमी सापडतं, कारण ते भाजी-भाकरीत नसतं. दूध-दह्यात थोडं असतं. साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी कमी होऊ शकतं. सर्दी-खाजेची सीपीएम गोळी किंवा झोपेची गोळी रोज घेत असाल तर तीही दाखवा. हॉर्मोनची महागडी तपासणी मात्र पंचेचाळिशीनंतर बहुधा लागत नाही, पाळीचा इतिहासच पुरेसं सांगतो.

डोक्याला मदत करायच्या युक्त्या साध्या आहेत. शेतातली मोटार बंद करताना तोंडाने म्हणा, "मोटार बंद केली." किल्ली, चष्मा आणि बचत गटाचं पासबुक यांना एकच जागा द्या आणि घरातल्यांनाही ती बदलू देऊ नका. नवी सून पाहुणी आली तर तिचं नाव लगेच दोन-तीनदा हाक मारून वापरा. बाजाराची यादी लिहा, पण पिशवीत ठेवा. आधी आठवून सामान घ्या आणि शेवटी यादी काढून ताडा. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून काढल्याने जास्त पक्कं बसतं.

हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल रोज विचारणा होते. वाफा फार त्रास देत असतील, वय साठच्या आत असेल आणि पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या चांगलं काम करतात. झोप सुधारली की लक्षही थोडं सुधारतं. पण केवळ स्मरणशक्तीसाठी त्या घेऊ नयेत. पाळी नुकतीच गेलेल्या बायकांवरच्या 2015 च्या अभ्यासात स्मरणशक्तीला फायदाही दिसला नाही आणि तोटाही. पासष्टीनंतर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हॉर्मोनच्या गोळ्या सुरू केलेल्या बायकांत डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका मात्र दुप्पट दिसला होता, तो अभ्यास 2003 चा. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी ते सांगा.

आणि आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो ती. "अंगावरून फार जातं ना, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल." पस्तिशीतली बाई कापूस वेचणीआधी ऑपरेशन उरकून मोकळी होते, आणि आत नेमकं काय काढलं ते तिलाही सांगता येत नाही. पिशवी आणि ओव्हरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओव्हरी दोन्ही काढल्या तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं, शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. पाळी जायच्या वयाआधी त्या काढलेल्या बायकांत पुढे स्मरणशक्ती बिघडण्याचा धोका जास्त आढळला आहे. तेव्हा सही करण्याआधी विचारा: गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या हॉर्मोनच्या साधनाने भागेल का? ओव्हरी ठेवणार की काढणार, आणि का? काढल्याच तर नैसर्गिक वयापर्यंत हॉर्मोन देणार का? अशा बाईला ते सहसा द्यावेतच असं तज्ज्ञ म्हणतात, तिला वरचा साठीचा नियम लावू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, घाई असल्याचं सांगितलं तर जरूर घ्या. आधी ऑपरेशन झालेलं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधून त्यावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

काही गोष्टींत मात्र थांबू नका. रोजच्या वाटेवर चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीची भाजी कशी करतात तेच न सुचणं. अशा वेळी बाईपेक्षा घरच्यांना जास्त कळतं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर तो विषय विसरभोळेपणाचा नाही, पण तपासणी त्याच आठवड्यात हवी. मन सतत उदास असेल तर 14416 या टेलि-मानसच्या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना ते कॅलेंडर, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तुमचं विसरणं जवळून पाहिलेलं घरातलं एक माणूस सोबत न्या.