पॅकेज नवं, प्रोसेस जुनी: लॅबमधल्या एक्स सर्व्हरची दुरुस्ती

उदगीर, अंबाजोगाई, हिंगोलीकडं टायपिंग क्लास नि कॉलेजच्या लॅबमध्ये जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून काम भागवतात. त्या मशीनवर प्रत्येक खिडकी रंगवणारा, कीबोर्ड-माउसचा प्रत्येक ठोका वाटून देणारा प्रोग्राम म्हणजे एक्स सर्व्हर, त्याचं नाव एक्सऑर्ग. प्रोग्राम ज्या नियमांनी त्याच्याशी बोलतात तो एक्स११ प्रोटोकॉल १९८७चा आणि सर्व्हर सी भाषेत लिहिलेला. सी मेमरीची हद्द स्वतःहून राखत नाही, ती लिहिणाऱ्यानं राखायची. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२४-९६३२ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या चुकीला दिलेला जाहीर क्रमांक) ही चूक कोडमध्ये २००६पासून पडून होती.

चूक कशी दिसते ते सीव्हीई-२०२३-६३७७मध्ये नीट कळतं. लॅपटॉपचा टचपॅड सोडून तुम्ही माउस हलवला की सर्व्हर आपल्या सामायिक पॉइंटरची माहिती नव्यानं मांडतो. माउसला जितकी बटणं, तितक्या बटण-क्रियांना जागा लागते. कोडनं जागा धरली एकाच क्रियेची. आडतीवर एका कट्ट्याची जागा सांगून दहा कट्टे उतरवले तर उरलेले नऊ शेजारच्याच्या मालावर पडणार, तसं. मग एखाद्या प्रोग्रामनं त्या क्रिया वाचल्या किंवा बदलल्या की हद्दीबाहेरची मेमरी वाचली-लिहिली जाते. अशा चुकांची दुसरी जात म्हणजे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं. सीव्हीई-२०२५-२६५९४मध्ये मूळ कर्सरच्या बाबतीत तेच घडतं.

यासाठी हल्लेखोर बाहेरचाच हवा असं नाही. सर्व्हरला जोडलेला कोणताही प्रोग्राम पुरतो, म्हणजे विद्यार्थ्याच्या साध्या खात्यातली एखादी स्क्रिप्टसुद्धा. म्हणून आधी सर्व्हर कुणाच्या नावानं चालतोय ते बघा. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

पीएस ऑक्स | ग्रेप एक्सऑर्ग

पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात प्रोसेस क्रमांक. तिथं 'रूट' (मशीनवर सगळे हक्क असलेलं खातं) दिसलं तर सर्व्हर फोडणारा थेट मशीनचा मालक होऊ शकतो. मिंटमधला लॉगिन-मॅनेजर, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा लाइटडीएम, सर्व्हरला रूट म्हणूनच उठवतो. जीडीएम हा दुसरा लॉगिन-मॅनेजर त्याला लॉगिन केलेल्याच्याच नावानं उठवतो, पण ४ जीबी रॅमच्या मशीनवर तो जड जातो. तेवढ्यासाठी लॅबभर लॉगिन-मॅनेजर बदलू नये, अपडेट वेळेवर करावं. एक्सरॅपर.कॉन्फिग फाइलमध्ये 'नीड्स रूट राइट्स' ही ओळ 'नो' करून टाका, असा सल्ला बऱ्याचदा मिळतो. तिचा उपयोग स्टार्टएक्स या आज्ञेनं हातानं सुरू केलेल्या सर्व्हरला होतो. लाइटडीएम आधीच रूट असल्यानं त्याच्यावर काही फरक पडत नाही.

एक्सऐवजी वेलँड या नव्या व्यवस्थेचं सत्र असेल तर जुन्या प्रोग्रामांसाठी मागं एक्सवेलँड चालू असतो. चुका बऱ्याचशा त्याच, पण तो तुमच्याच हक्कांनी चालतो, त्यामुळं रूटचा धोका नाही. फ्लॅटपॅकमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या चौकटीत, कोंडलेला प्रोग्राम मात्र त्या वाटेनं बाहेर पडू शकतो, म्हणून पॅकेज तरी नवं हवंच.

आता आवृत्ती. इथं हमखास गोंधळ होतो. वरच्या सीव्हीई-२०२४-९६३२ची दुरुस्ती एक्सऑर्गच्या मूळ प्रकल्पात २१.१.१४मध्ये आली. पण मिंट २१ उबंटू २२.०४वर उभं आहे आणि तिथं आकडा २१.१.४च राहतो. उबंटूवाले दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच शिवतात आणि आकड्याचं शेपूट तेवढं वाढवतात. म्हणून आकड्यावर न जाता सीव्हीईचा क्रमांक शोधा:

ॲप्ट चेंजलॉग एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-कोअर | ग्रेप ९६३२

ओळ आली तर दुरुस्ती उबंटूच्या पॅकेज-भांडारात पोचलीय. ती मशीनवर आणण्यासाठी:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-कोअर एक्सवेलँड

टायगरव्हीएनसी (लांबून दुसऱ्या मशीनचा पडदा वापरायचा प्रोग्राम) असेल तर तेही याच यादीत घ्या. त्याच्या पोटात एक्स सर्व्हरचाच कोड असतो आणि नेमकं तेच राहून जातं.

तीस मशीन नि एका मोबाइलचं हॉटस्पॉट असेल तर एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजं साठवून वाटणारा प्रोग्राम) बसवा. ते ३१४२ पोर्टवर ऐकतं. बाकीच्या मशीनना ॲप्टच्या सेटिंगमध्ये एचटीटीपी प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता द्या, पॅकेज नेटवरून एकदाच उतरेल. एचटीटीपीएसच्या मिररला (पॅकेज जिथून उतरतं त्या सर्व्हरला) मात्र ४०३ची चूक येते. त्या ओळीत एचटीटीपीचा मिरर ठेवा. पॅकेजच्या यादीवर सही असते आणि ती ॲप्ट तपासतंच.

इथपर्यंत येऊन बरेच जण थांबतात. डिस्कवरची फाइल बदलली, पण मेमरीत चालू असलेली प्रोसेस जुनीच आहे. मघाचा प्रोसेस क्रमांक समजा १२३४ असेल, तर बघा:

सुडो एलएस -एल /प्रॉक/१२३४/ईएक्सई

ओळीच्या शेवटी 'डिलीटेड' दिसलं तर भोक उघडंच आहे. लाइटडीएम रीस्टार्ट करा किंवा सरळ मशीन रीबूट करा, अर्थात शेवटची बॅच उठल्यावर, कारण उघडी कामं सगळी बंद होतात. नुसतं सस्पेंड करून उठवलं तर प्रोसेस जुनीच राहते. दिवसातून दोनदा लाईट जाणाऱ्या गावात हे काम आपोआप होतं, इन्व्हर्टरवाल्यांनी मात्र आठवण ठेवावी.

जाता जाता, सर्व्हरला कोण जोडू शकतं ते सांगणारी 'एक्सहोस्ट' एवढीच आज्ञा देऊन बघा. 'ॲक्सेस कंट्रोल डिसेबल्ड' आलं तर कुणीतरी कधीकाळी 'एक्सहोस्ट +' मारून ठेवलंय. 'एक्सहोस्ट -' द्या, आणि लॉगिनच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ लपलीय का तेही शोधा. लांबच्या मशीनवरचा प्रोग्राम आपल्या पडद्यावर दाखवणारं एसएसएच -एक्स वापरताना दिशा उलटी असते: लांबच्या मशीनवरचा प्रोग्राम तुमच्या सर्व्हरचा क्लायंट होतो. डेबियन-उबंटूत मूळ सेटिंगनुसार -एक्स हे -वायसारखंच (पूर्ण मुभा देणाऱ्या पर्यायासारखंच) विश्वासू धरलं जातं, म्हणून अनोळखी मशीनकडं ते वापरू नका.

पडदा मध्येच काळा होऊन लॉगिन पुन्हा आलं तर मागच्या सत्राची नोंद /व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग.ओल्ड मध्ये सापडते. शेवटून वर वाचा. 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीच्या चुकीनं कोसळणं) आणि त्याच्या जवळच 'बॅकट्रेस' (कोडमध्ये कुठं कोसळलं त्याचा माग) दिसला तर ती फाइल लगेच दुसरीकडं कॉपी करा, कारण सर्व्हर पुढच्या वेळी सुरू झाला की ती पुसली जाते.