लुलावर डावीकडून टीका करायचीय? मग आधी हे वाचा

आमच्या अभ्यासगटात दर दोनतीन महिन्यांनी कोणीतरी ब्राझीलच्या लुलावर, म्हणजे कामगार पुढारी ते राष्ट्राध्यक्ष झालेल्या डाव्या नेत्यावर, लिहून आणतं आणि दरवेळी पहिल्याच परिच्छेदात 'लुलाने कामगारांशी गद्दारी केली' हे वाक्य असतं. मग पुढे वाचायचं कशाला, निकाल तर लागलाच की. म्हणून हे लिहितोय. मी स्वतः डावा आहे, लुलावर माझा रागही आहे, पण टीका करायची तर नीट करा ना राव.

आधी काळ ठरवा. २००३ ते २०१० च्या दोन टर्म आणि २०२३ नंतरचा लुला एकाच पिशवीत कोंबू नका, मी इथे पहिल्या दोन टर्मचंच बोलतोय.

मग जे झालं ते मान्य करा, आणि कंजूषपणा न करता करा. किमान वेतन २०० रेआलचं (ब्राझीलचं चलन) २०१० पर्यंत ५१० झालं, महागाई वजा केली तरी ५० टक्क्यांच्या वर वाढ. बोल्सा फामिलिया म्हणजे पोरांना शाळेत पाठवा, लसी द्या आणि महिन्याला पैसे घ्या, पैसे बहुतेक आईच्या नावावर, शेवटी शेवटी सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबं त्यात होती. ईशान्य ब्राझीलमधल्या दुष्काळी गावातल्या बाईला जाऊन सांगा की हे सगळं ढोंग होतं, ती तुम्हाला दारातही उभं करणार नाही. हे न लिहिता केलेली टीका फक्त आपल्याआपल्यातच वाचली जाते.

आता खरं काम. त्याला त्याच्याच शब्दांवर मोजा, तुमच्या स्वप्नातल्या क्रांतीवर नाही. १९८९, ९४ आणि ९८ अशा तीन निवडणुका हरल्यावर २००२ च्या जूनमध्ये त्याने 'ब्राझीलच्या जनतेला पत्र' काढलं, त्यात सगळे करार पाळू, बजेटमध्ये शिल्लक राखू असं लेखी दिलं. नाव जनतेचं आणि वाचणारे बँकावाले, असं ते पत्र. म्हणजे निवडून आल्यावर अचानक पलटला असं म्हणता येत नाही, आधीच सांगून ठेवलं होतं. तुमची टीका त्या पत्रापासून सुरू झाली पाहिजे, २००३ पासून नाही.

त्यानंतर नेमणुका बघा, भाषणं नको. सेंट्रल बँकेवर बसवला हेन्रिक मेइरेलिस, जो आधी बँकबॉस्टनचा मोठा साहेब होता आणि नुकताच विरोधी पक्षाकडून खासदार झालेला. २००३ च्या फेब्रुवारीत व्याजदर २६.५ टक्क्यांवर नेला. बजेटमधल्या शिलकीचं (कर्जाचं व्याज न धरता) टार्गेट जीडीपीच्या ३.७५ चं ४.२५ टक्के केलं, म्हणजे आयएमएफने मागितलं त्याच्याही वर, हे मला आजही पचत नाही.

आणि आता पैसा कुठे गेला ते एका ओळीत मांडा, कारण सगळी टीका इथेच उभी राहते किंवा पडते. बोल्सा फामिलियावर जीडीपीचा जेमतेम अर्धा टक्का खर्च व्हायचा आणि सरकारी कर्जाच्या व्याजावर साधारण त्याच्या दसपट. गरिबाला मिळालं हे खरंच, पण श्रीमंताचं काही काढून घेऊन मिळालं नाही. चीनला सोयाबीन आणि लोहखनिज विकून बाजार तेजीत होता, त्यामुळे दोघांनाही देता आलं. हे वाक्य 'गद्दारी'पेक्षा कितीतरी जास्त झोंबतं.

त्याच्या मजबुरीचाही हिशोब करा, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये करेलच. २००२ ला ५१३ च्या सभागृहात त्याच्या पक्षाचे ९१ खासदार, बाकी सगळी मोट बांधलेली. पण मोट बांधायची किंमत काय दिली तेही लिहा, २००५ चं मेन्सालाओ प्रकरण, म्हणजे खासदारांना पाठिंब्यासाठी पैसे चारल्याचा घोटाळा, त्यातूनच आलं.

आतून बाहेर पडलेल्यांना जरूर वाचा. सरकारी नोकरांच्या पेन्शनला कात्री लावणाऱ्या २००३ च्या सुधारणेला विरोध केला म्हणून एलोइझा एलेना ही सेनेटर आणि तीन खासदार पक्षातून काढले, त्यातून पीसोल नावाचा पक्ष निघाला. मारिना सिल्वाने २००८ ला पर्यावरण मंत्रीपद सोडलं. पण एक गोष्ट टाळू नका, २००६ ला एलोइझा राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली तर सात टक्क्यांच्या आतच अडकली. टीका बरोबर होती तर लोक का गेले नाहीत, याला उत्तर द्या, 'लोक भोळे' हे उत्तर नाही.

(जाता जाता, वर्ल्ड सोशल फोरम, म्हणजे जगभरच्या डाव्या चळवळींचा मेळावा, २००४ ला मुंबईत गोरेगावला भरला होता, पण तो जन्मला लुलाच्या देशात, पोर्तो आलेग्रेत. २००३ ला तिथे लुला हिरो होता आणि तिथून थेट दावोसला, म्हणजे बड्या उद्योगपतींच्या मेळाव्याला गेला, २००५ ला पोर्तो आलेग्रेतल्याच काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली. जमलं तर लेखाची सुरुवात यानेच करा.)

जमिनीच्या प्रश्नावर, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या बेलो मोन्ची धरणावर एकेक परिच्छेद पुरे, सगळं कोंबायला गेलात की यादी होते.

शेवटी 'मग त्याने करायला काय हवं होतं' हे एक तरी ठोस लिहा, आणि असं लिहा की जे तेव्हा शक्य होतं. माझं आवडतं उदाहरण डिव्हिडंडचं. ब्राझीलमध्ये १९९६ पासून कंपनीच्या मालकाला मिळणाऱ्या डिव्हिडंडवर, म्हणजे नफ्याच्या वाट्यावर, इन्कम टॅक्स माफ होता, म्हणजे पगारदार पगारावर टॅक्स भरायचा आणि मालक या वाट्यावर भरायचा नाही. हे बदलायला घटनादुरुस्ती लागत नव्हती, साधा कायदा लागत होता. आठ वर्षं गेली, लुला ८० टक्क्यांच्या वर लोकप्रियता घेऊन खुर्चीतून उतरला आणि ती माफी जशीच्या तशी होती.