वेबसाइटवर फोटो दिसत नाही? आधी पत्ता अक्षर न् अक्षर जुळवा

फोटोच्या जागी फाटलेल्या चित्राचं चिन्ह दिसलं की बहुतेक जण तोच फोटो पुन्हा अपलोड करतात. तरीही फोटो काही दिसत नाही, कारण अडचण अपलोडची नसते; फाइल बहुतेक वेळा सर्व्हरवर आधीपासूनच असते. ब्राउझर एका पत्त्यावर त्याला शोधत असतो आणि फाइल असते दुसऱ्याच पत्त्यावर. म्हणून अपलोडला हात लावण्याआधी दोन ओळी एकाखाली एक लिहून घ्या. वर ब्राउझरने मागितलेला पत्ता, खाली फाइलचा सर्व्हरवरचा खरा पत्ता. दोन्हींत कुठे फरक आहे ते दिसलं की अर्धं काम झालं.

उदाहरणासाठी पैठणमधल्या एका पैठणीच्या दुकानाची साइट धरू. वाचायला सोपं जावं म्हणून फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या साइटवर ती रोमन अक्षरांतच ठेवा. का, ते पुढे येईलच.

ब्राउझरने नेमकं काय मागितलं?

कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ते पान उघडा आणि एफ१२ दाबा. नेटवर्क टॅब उघडा, कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रती) बंद करण्याच्या चौकटीत टिक करा, इमेजचा फिल्टर लावा आणि मगच पान रिलोड करा. टॅब उघडण्याआधी झालेल्या मागण्या या यादीत येत नाहीत, त्यामुळे रिलोड विसरू नका. जी ओळ लाल दिसेल तिच्यावर क्लिक केलं की पूर्ण पत्ता आणि स्टेटस कोड मिळतो. पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा. आता होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन फाइलचा खरा पत्ता त्याच्याखाली लिहा. सीपॅनेल असेल तर पब्लिक एचटीएमएल हे फोल्डर म्हणजे साइटचं मूळ. पत्त्यात त्याचं नाव येत नाही, त्याच्या आतलं येतं.

कोड ४०४ असेल तर त्या पत्त्यावर फाइल नाही, म्हणजे पाथ (फाइलपर्यंतचा पत्ता) चुकला आहे. ४०३ असेल तर सर्व्हर फाइल द्यायला नकार देतो आहे. तिथे पाथ बदलत बसू नका. कोडच नसेल आणि मागणी फसली असं दिसत असेल तर डोमेनचं स्पेलिंग तपासा. फसवा आहे तो २००. कोड बरोबर, तरी फोटो नाही! अशा वेळी कंटेंट टाइप बघा. तिथे इमेजऐवजी टेक्स्ट एचटीएमएल असेल तर सर्व्हरने फोटोच्या नावाखाली एक वेबपान पाठवलं आहे. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक फोटोच्या जागी चिकटवली की असंच होतं. ती लिंक फोटो दाखवणाऱ्या पानाची असते, फोटोची नसते. फोटो डाउनलोड करून स्वतःच्या साइटवर ठेवा.

पत्ता कुठून मोजायचा?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभ्या असलेल्या माणसाला तिथल्याच गुलमंडीला जायचं असेल तर ‘पैठण गेटवरून सरळ’ एवढं सांगितलं तरी तो पोचतो. हाच पत्ता जालन्यात उभ्या असलेल्याला दिला तर तो कुठे जाईल? सापेक्ष पाथ असाच असतो. ‘इमेजेस/मोर.जेपीजी’ म्हणजे आत्ता उघडं असलेलं पान ज्या फोल्डरमध्ये आहे, तिथल्या इमेजेस फोल्डरमधला मोर. मुखपृष्ठावर तो बरोबर चालतो. तीच ओळ कॉपी करून ‘/साड्या/पैठणी.एचटीएमएल’ या पानात टाकली की ब्राउझर ‘/साड्या/इमेजेस/मोर.जेपीजी’ मागतो. तिथे काहीच नसतं.

यावर दोन उपाय आहेत. ‘../इमेजेस/मोर.जेपीजी’ असं लिहिलं तर दोन टिंबं आणि तिरकी रेघ म्हणजे एक पायरी वर. किंवा सुरुवातीलाच तिरकी रेघ देऊन ‘/इमेजेस/मोर.जेपीजी’ लिहा, म्हणजे मोजणी थेट साइटच्या मुळापासून होते, पान कुठेही असो. छोट्या दुकानाच्या साइटला आम्ही दुसरी पद्धत सुचवू, कारण पानं इकडची तिकडे हलवली तरी ती मोडत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. साइट डोमेनच्या मुळाशी नसून एखाद्या उपफोल्डरमध्ये असेल, उदाहरणार्थ गिटहब पेजेसवरचं प्रोजेक्ट, तर त्या उपफोल्डरचं नावही पाथमध्ये लिहावं लागतं.

पानाच्या पत्त्याच्या शेवटच्या तिरक्या रेघेनंही घोळ होतो. ‘/गॅलरी’ या पानावरून ‘इमेजेस/मोर.जेपीजी’ मागितलं तर मोजणी मुळापासून होते. ‘/गॅलरी/’ असं उघडलं तर गॅलरी हे फोल्डर धरलं जातं आणि ब्राउझर ‘/गॅलरी/इमेजेस/मोर.जेपीजी’ मागतो. पान तेच, पण एका लिंकवरून आलेल्याला फोटो दिसतो आणि दुसऱ्या लिंकवरून आलेल्याला नाही.

सीएसएसमधली, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइलीतली, पार्श्वभूमीची चित्रं मात्र वेगळ्या हिशेबानं चालतात. तिथला सापेक्ष पाथ पानापासून नव्हे, सीएसएस फाइलपासून मोजतात. फाइल सीएसएस फोल्डरमध्ये आणि फोटो शेजारच्या इमेजेस फोल्डरमध्ये असेल तर ‘../इमेजेस/’ असंच लिहावं लागेल. तिथे विंडोजची उलटी तिरकी रेघ कधीच वापरू नका. एचटीएमएलमध्ये ब्राउझर ती सरळ करून घेतो. सीएसएसमध्ये तिचा अर्थच वेगळा आहे, ती गिळली जाते आणि फोल्डरचं व फाइलचं नाव एकमेकांना चिकटतं.

पाथची सुरुवात ‘फाइल:///’ किंवा ‘सी:’ अशी असेल तर तो तुमच्या लॅपटॉपवरचा पत्ता आहे. जगात दुसऱ्या कुणालाही तो फोटो दिसणार नाही. मालकाच्या लॅपटॉपवर सगळं ठीक आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर फोटो गायब, या तक्रारीत हे पहिल्यांदा तपासा.

नावातलं एक अक्षर

याच तक्रारीचं दुसरं कारण कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं. विंडोजला दोन्ही सारखीच वाटतात. होस्टिंगचे सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ती वेगळी वाटतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलचं जेपीजी अनेकदा कॅपिटलमध्ये असतं, कोडमध्ये आपण सवयीनं स्मॉलमध्ये लिहितो. लॅपटॉपवर चाचणी पास आणि सर्व्हरवर ४०४. फोल्डरच्या नावालाही हाच नियम. साधी शिस्त पाळा: सगळी नावं स्मॉलमध्ये, रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ, बाकी काही नाही. गिट वापरत असाल तर विंडोजवर फक्त कॅपिटलचं स्मॉल केलेलं त्याच्या लक्षात येत नाही. आधी तिसरंच नाव द्या, कमिट करा, मग हवं ते नाव द्या.

शेपटीकडेही बघा. विंडोज एक्सटेन्शन लपवून ठेवतं. नाव बदलताना आपण ‘मोर.जेपीजी’ लिहितो आणि फाइल होते ‘मोर.जेपीजी.जेपीजी’. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू, शो या मेनूतून एक्सटेन्शन दिसतील असं करा. व्हॉट्सअॅपवरून कॉम्प्युटरवर उतरवलेल्या फोटोंचं एक्सटेन्शन बहुतेक वेळा चार अक्षरांचं जेपीईजी असतं. कोडमध्ये तीन अक्षरांचं लिहिलं की ४०४. आयफोनचा फोटो एचईआयसी असेल तर क्रोम आणि फायरफॉक्स तो दाखवत नाहीत. नाव बदलून जेपीजी केल्यानं आतला फोटो बदलत नाही, तो खरोखर कन्व्हर्ट करावा लागतो. पुढच्या वेळी त्रास नको असेल तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट ‘मोस्ट कंपॅटिबल’ ठेवा.

व्हॉट्सअॅपच्या त्या लांबलचक नावात मोकळ्या जागा असतात, दुसऱ्यांदा उतरवलं तर शेवटी कंसात १ येतो. साध्या इमेज टॅगमध्ये मोकळी जागा बहुधा चालून जाते, ब्राउझर तिथे %२० घालतो. सीएसएसमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या पाथमध्ये मात्र मोकळी जागा आणि कंस दोन्ही मोडतात. नावात # असेल तर त्याच्या पुढचं सगळं सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. ‘साडी#३.जेपीजी’ मधलं फक्त ‘साडी’ पोचतं. ? च्या पुढचा भागही फाइलच्या नावात धरला जात नाही. आणि दिवाळीच्या बॅनरला ‘५०%-सूट’ असं नाव दिलं तर % हे संकेतचिन्ह समजून सर्व्हर ४०० देऊ शकतो.

मराठी नावाच्या फाइली

देवनागरीत नाव दिलं तर चालतच नाही असं नाही. पण पत्त्यात एकेका देवनागरी अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात, त्यामुळे ‘मोर’ या तीन चिन्हांच्या नावाची सत्तावीस. डोळ्यांनी जुळवणं अशक्य. मराठीत त्याहून मोठी अडचण आहे: ऱ्य आणि ऱ्ह मधला अर्धा ऱ.

‘औरंगपुऱ्यातील-दुकान.जेपीजी’ हे नाव घ्या. यातला अर्धा ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो. पायात टिंब असलेला ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त. साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. सर्व्हरसाठी ती तीन वेगळी नावं आहेत. फोनच्या कीबोर्डवर नाव दिलं, कॉम्प्युटरवर दुसऱ्या कीबोर्डनं कोड लिहिला, आणि दोन्ही ओळी हुबेहूब दिसत असताना ४०४ येतो. खात्री करायची असेल तर नेटवर्क टॅबमधला पत्ता आणि फाइल मॅनेजरमधून उघडलेल्या फोटोचा पत्ता दोन्ही कॉपी करून नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा. सांकेतिक चिन्हांची लांबी किंवा क्रम वेगळा दिसेल. पण शोधत बसण्यापेक्षा फाइलला रोमन नाव द्या. मराठी लिहायचीच असेल तर ती आल्ट मजकुरात, म्हणजे इमेज टॅगमधल्या फोटोच्या वर्णनात, लिहा: ‘मोरबांगडी पैठणी, जांभळा काठ’. फोटो अडला तरी गिऱ्हाइकाला तेवढं तरी वाचता येतं, आणि दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.

गावाचं नाव बदललं, फोल्डरचंही बदललं

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. मजकुरात नवीन नाव हवंच. पण त्याच ओघात फोल्डरचं नावही बदललं की जुन्या नावाचे सगळे पाथ एका झटक्यात मोडतात. फोल्डरचं नाव वाचकाला दिसत नाही, त्यामुळे ते न बदललेलं बरं. बदललंच असेल तर दोन कामं करा. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण फोल्डर उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबा आणि जुनं नाव शोधा. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट, तिन्हींत सापडेल. ‘सगळं बदला’ डोळे झाकून दाबू नका, नाहीतर ‘पूर्वीचं औरंगाबाद’ असं लिहिलेल्या वाक्यातही नाव बदलेल. फक्त तिरक्या रेघेसकट शोधा.

दुसरं, बाहेरच्या साइटनी आणि लोकांनी शेअर केलेले जुने पत्ते तुम्ही बदलू शकत नाही. अपाची सर्व्हर असेल तर एचटीअॅक्सेस फाइलमध्ये रीडायरेक्ट ३०१ ची एक ओळ पुरते: आधी जुन्या फोल्डरचा पाथ, मोकळी जागा, मग नवीन पाथ. त्या फोल्डरच्या आतल्या सगळ्या फाइलींना ती लागू होते. एनजिनेक्स सर्व्हर ही फाइल वाचतच नाही; तिथे होस्टिंगवाल्याला सांगावं लागेल.

वर्डप्रेसमध्ये डोमेन बदललं तर हाच प्रकार मोठ्या प्रमाणात होतो, कारण लेखातल्या फोटोंचे पूर्ण पत्ते डेटाबेसमध्ये साठवलेले असतात. सेटिंगमध्ये नवीन डोमेन टाकलं तरी जुन्या लेखांतले पत्ते जुनेच राहतात. आधी बॅकअप. मग बेटर सर्च रिप्लेससारखं प्लगइन वापरा आणि पहिल्यांदा ड्राय रन करून किती जागा बदलणार ते बघा. पीएचपीमायअॅडमिनमध्ये, म्हणजे डेटाबेस हाताळायच्या साधनात, जाऊन थेट शोधा-बदला करू नका. काही नोंदींमध्ये मजकुरासोबत त्याची लांबीही लिहिलेली असते. डोमेन लांब किंवा आखूड झालं की लांबी जुळत नाही आणि ती सेटिंग्ज वाचताच येत नाहीत.

४०३ आणि बाकीचं

परवानग्या बघा: फाइलला ६४४, फोल्डरला ७५५. फोटो वेगळ्या टॅबमध्ये उघडतो आणि पानात मात्र ४०३ देतो, तर सीपॅनेलमधलं हॉटलिंक प्रोटेक्शन तपासा. नवीन डोमेन किंवा सबडोमेन त्याच्या परवानगीच्या यादीत नसेल तर तुमचीच साइट परकी ठरते. साइट एचटीटीपीएसवर असताना फोटोचा पत्ता नुसत्या एचटीटीपीनं सुरू होत असेल तर तो एचटीटीपीएस करा.

फोटो फक्त मोबाइलवरच दिसत नसेल तर इमेज टॅगमध्ये एसआरसीसेट आहे का बघा. तिथे लहान पडद्यांसाठी वेगळ्या आकाराच्या फाइलींचे पत्ते असतात. मुख्य पाथ दुरुस्त झाला आणि हे तसेच राहिले, असं फार होतं. या पत्त्यांमधली मोकळी जागा इथे अजिबात चालत नाही. फाइलीच सर्व्हरवर नसतील तर वर्डप्रेसमध्ये थंबनेल पुन्हा तयार करून घ्या. हे कॉम्प्युटरवरही पकडता येतं: एफ१२ च्या खिडकीत मोबाइलचं चिन्ह दाबा आणि रिलोड करा.

दुरुस्तीनंतर कंट्रोल आणि एफ५ दाबून पान पुन्हा आणा. साइटपुढे क्लाउडफ्लेअर असेल तर तिथली कॅशेही रिकामी करा, नाहीतर जुना ४०४ काही वेळ तसाच दिसत राहतो. शेवटी इन्कॉग्निटो खिडकीत प्रत्येक प्रकारचं एक पान तपासा: मुखपृष्ठ, आतलं पान, गॅलरी. मग वायफाय बंद करून फोनच्या डेटावरून तीच पानं पुन्हा उघडा.