पाण्याने वेढलेलं ग्रीन: बॉल बुडवणाऱ्या या चुका टाळा

फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या गोल्फ कोर्सचा 17 वा होल स्पर्धेच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, फक्त 137 यार्डांचा आहे. 1980 साली कोर्स सुरू झाला. तो आखणाऱ्या पीट डाय यांनी बाकीच्या होलसाठी त्या जागेतली वाळू एवढी उपसली की तिथे मोठा खड्डाच उरला. मग त्यांच्या पत्नी, स्वतः उत्तम गोल्फर असलेल्या अ‍ॅलिस डाय यांनी सुचवलं, की खड्ड्यात पाणी भरा आणि मध्ये ग्रीन, म्हणजे झेंडा असलेला बारीक गवताचा भाग, ठेवा. नाव आयलंड ग्रीन असलं तरी मागून चालत जायला एक चिंचोळी वाट आहे, त्यामुळे खरं तर ते बेटही नाही. तरीही 2007 च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये, वाऱ्याच्या आठवड्यात, जगातल्या अव्वल खेळाडूंचे 93 बॉल तिथे पाण्यात गेले, त्यातले 50 पहिल्याच दिवशी.

त्या ग्रीनची पुढून मागे खोली साधारण 26 यार्ड आहे. हौशी खेळाडूच्या दोन लागोपाठच्या आयर्नमध्ये (नंबर असलेल्या लोखंडी क्लबमध्ये, म्हणजे काठ्यांमध्ये) 10 ते 12 यार्डांचं अंतर असतं. म्हणजे मध्यावर नेम धरला आणि क्लब एका नंबरने चुकला, तरी बॉल काठाजवळ का होईना, कोरडाच राहायला हवा. आपल्याकडच्या तळ्याकाठच्या पार थ्रीलाही (तीन फटक्यांत पुरा व्हावा अशा होललाही) बहुतेक वेळा हाच हिशेब लागू होतो. तरी बॉल बुडतात. त्याला घाबरलेला स्विंग कारणीभूत असतोच, पण बऱ्याचदा स्विंगच्या आधीच आकडेमोड चुकलेली असते.

आपल्या सर्वोत्तम फटक्याचा आकडा धरणं

‘माझा आठ नंबर 140 जातो’ असं सांगणाऱ्याचा आठ नंबर वर्षातून चार वेळा 140 गेलेला असतो, तोही सुकलेल्या फेअरवेवर घरंगळत. पाण्यावर घरंगळणं उपयोगाचं नाही, लागते ती कॅरी, म्हणजे बॉल हवेतून किती जाऊन पडला ते अंतर. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, एकाच क्लबने 10 बॉल मारा आणि प्रत्येक कुठे पडला ते लिहा. सर्वांत लांबचे दोन सोडून द्या आणि उरलेल्या आठांची सरासरी काढा. हा तुमचा खरा आकडा. रेंजचे बॉल बहुधा कमी उडणारे असतात, त्यामुळे जमलं तर स्वतःचे बॉल वापरा.

मग होलवर तीन अंतरं काढा: ग्रीनचा पुढचा काठ (जिथे पाणी संपतं), ग्रीनचा मध्य, मागचा काठ. क्लब असा निवडा की साधारण फटक्याने मध्य गाठता येईल आणि थोडा मार खाल्लेल्या फटक्यानेही पुढचा काठ ओलांडता येईल. या दोन अटी एकाच क्लबने पुऱ्या होत नसतील तर एक क्लब मोठा घ्या, म्हणजे नंबराने लहान पण जास्त लांब मारणारा. ग्रीनवर पडल्यावर तुमचा बॉल पाचेक यार्ड पळत असेल, तर पडायची जागा मध्याच्या पाच यार्ड अलीकडे धरा. 26 यार्डांच्या ग्रीनवर तरीही पुढे आठ यार्ड हाताशी राहतात.

चुकीचं अंतर वाचणं

अंतर मोजायचा लेझर झेंड्याचं अंतर सांगतो, ग्रीनचं नाही. झेंडा मागे लावला असेल तर आकडा मोठा येतो आणि माणूस नकळत त्याच्याच मागे लागतो. शिवाय हात हलला की लेझर मागचं झाड पकडतो. दोन-तीनदा मोजा, आणि आकडे वेगवेगळे आले तर त्यातला लहान आकडा बहुधा झेंड्याचा, म्हणजे खरा. चढ-उतार धरून अंतर सांगणारी सोय स्पर्धेत चालत नाही, ती बंद ठेवा.

स्कोअरकार्डावरचा आकडा टीवर पक्क्या बसवलेल्या पाटीपासून मोजलेला असतो, पण त्या दिवशीचे मार्कर पुढेमागे सरकवलेले असतात. पाटीपासून पावलं मोजा. आणि अंतर दाखवणाऱ्या घड्याळात मीटर आहेत की यार्ड, ते आधी पाहा. 130 मीटर म्हणजे 142 यार्ड. एवढ्या फरकात एक अख्खा क्लब जातो, आणि ही चूक वाटते त्याहून जास्त वेळा होते.

वाऱ्याचा अंदाज टीवर उभं राहूनच घेणं

टीच्या मागे झाडं असतात, तिथे वारा लागत नाही. बॉल मात्र झाडांच्या वर, उघड्या पाण्यावरून जातो. म्हणून टीवर गवत उडवून भागत नाही. झाडांचे शेंडे, झेंडा आणि पाण्यावरचे तरंग, तिन्ही पाहा. तरंग कुठून कुठे चालले आहेत ते पाणी उघड सांगतं.

हिशेब असा ठेवा: ताशी 10 मैल, म्हणजे 16 किलोमीटर, समोरचा वारा असेल तर अंतर सुमारे 10 टक्क्यांनी वाढलं समजा. 130 यार्डांचे 143 होतात. तेवढाच वारा पाठीमागून असेल तर फायदा जवळपास निम्माच, पाच टक्क्यांच्या आसपास. समोरच्या वाऱ्यात जोर लावून मारू नका. जोराने फिरकी वाढते, बॉल वर चढतो आणि पाण्यावर येऊन जणू थांबतो. एक-दोन पायऱ्या मोठा क्लब घ्या, ग्रिप इंचभर खाली धरा आणि तीन चतुर्थांश ताकदीने मारा.

दमट हवा जड असते, म्हणून पावसाळ्यात बॉल कमी जातो, असं क्लबहाउसमध्ये हमखास ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. अंतर कमी होतं ते पावसाच्या थेंबांमुळे, ओल्या बॉलमुळे आणि ओल्या क्लबफेसमुळे, त्यामुळे प्रत्येक फटक्याआधी दोन्ही पुसा. पुण्याहून मुंबईला खेळायला येणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे, तिथे बॉल साधारण दोन टक्के जास्त जातो. 130 यार्डांवर ते दोन-तीन यार्ड होतात. काठावरचा हिशेब असेल तर तेवढेही पुरतात.

झेंड्यावर नेम

2013 च्या प्लेयर्समध्ये सर्जिओ गार्सिया शेवटच्या दिवशी या 17 व्या होलवर आला तेव्हा टायगर वुड्सशी बरोबरीत होता. दोन बॉल पाण्यात घालून त्याने सात फटके घेतले आणि टायगर जिंकला. झेंडा कोपऱ्यात असेल तर तो नाहीच असं समजा. 18 हँडिकॅपच्या (पारपेक्षा साधारण 18 फटके जास्त घेणाऱ्या) माणसाने अशा ग्रीनच्या मध्यावर बॉल ठेवून दोन पटमध्ये (ग्रीनवरच्या घरंगळत्या फटक्यांत) होल संपवला, तर त्याने मैदानातल्या निम्म्याहून जास्त लोकांना मागे टाकलं असं धरायला हरकत नाही.

शेवटच्या क्षणी घात करणाऱ्या गोष्टी

इथे चूक बहुतेक वेळा दोनपैकी एक असते. एक, बॉल वर उचलायला जाणं. वजन मागच्या पायावर राहतं आणि क्लब एक तर बॉलच्या मागे जमिनीत रुततो, नाही तर बॉलच्या कमरेवर आदळतो. दुसरी, खाली येताना हात सैल सोडून क्लबचा वेग कमी करणं. दोन्हीवर उपाय सारखाच: पार थ्री आहे तर टी (बॉल ठेवायची खुंटी) वापरा, पण बॉल गवताच्या वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर राहील एवढीच. फटका संपल्यावर पोट ग्रीनकडे आणि वजन पुढच्या पायावर आलं पाहिजे. क्लब मोठा घेतलाच आहे, तेव्हा अर्धवट थांबू नका.

आणखी एक सवय म्हणजे पाणी दिसलं की बॅगेतला जुना, चरे पडलेला बॉल काढणं. त्या बॉलचं उडणं आणि फिरणं वेगळं, म्हणजे रेंजवर मोजलेला सगळा हिशेब फुकट. शिवाय बॉल बुडणारच, हे फटक्याआधीच मान्य केल्यासारखं होतं. आणि टीवर रेंगाळू नका. नियम 40 सेकंदांत फटका मारण्याची शिफारस करतात, आणि पाण्याकडे पाहत उभं राहिल्याने ग्रिप अधिकच घट्ट होते.

बुडाल्यानंतरच्या चुका

स्कोअर खरा बिघडतो तो इथे. 2005 मध्ये बॉब ट्वे याने सॉग्रासच्या या होलवर 12 फटके घेतले. चार बॉल पाण्यात, प्रत्येकाला एक दंड, मग नववा फटका ग्रीनवर आणि तीन पट.

आधी खुणा पाहा. पिवळे खांब असतील तर एका दंडाच्या फटक्यासह दोन पर्याय: पुन्हा टीवरून मारणं, किंवा होल आणि बॉलने पेनल्टी एरियाची (खांबांनी आखलेल्या पाण्याच्या भागाची) हद्द शेवटची जिथे ओलांडली तो बिंदू, या दोन्हींच्या सरळ रेषेवर कितीही मागे जाऊन ड्रॉप घेणं, म्हणजे बॉल हातातून सोडून तिथून खेळणं. लाल खांब असतील तर तिसराही पर्याय मिळतो: ओलांडलेल्या बिंदूपासून दोन क्लबलांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता. सर्रास होणारी चूक म्हणजे पिवळ्या खांबांच्या पाण्याला लाल समजून काठावर ड्रॉप घेणं. चुकीच्या जागेवरून खेळलात की स्ट्रोक प्लेत (एकूण फटके मोजायच्या खेळात) आणखी दोन फटके दंड.

बॉल ग्रीनवर पडून मागे पाण्यात घरंगळला, तर हद्द शेवटची ओलांडली ती ग्रीनच्या मागच्या बाजूला. मग ती सरळ रेषाही मागे पाण्यावरून जाते. अशा होलवर स्पर्धेच्या कमिटीने ड्रॉप झोन (ड्रॉपसाठी आखलेली जागा) ठेवला असेल तर तोच सोयीचा. बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा आणि तो झोनमध्येच थांबला पाहिजे.

टीवरून पुन्हा मारत असाल तर बॉल पुन्हा टी करता येतो, टीच्या हद्दीत कुठेही. बरेच जण हे विसरून जमिनीवरून मारतात. आणि बॉल पाण्यातच गेलाय हे ठाऊक असताना ‘प्रोव्हिजनल मारतो’ (पहिला सापडला नाही तर म्हणून जादा बॉल) असं म्हणून दुसरा मारू नका. अशा वेळी प्रोव्हिजनलला परवानगी नाही, त्यामुळे तो दुसरा बॉलच खेळातला बॉल ठरतो आणि ड्रॉपचे बाकी पर्याय संपतात.

रेषेवर ड्रॉप घेणार असाल तर अंतर स्वतः निवडा. जवळ म्हणजे सोपं असं नसतं. 2016 च्या मास्टर्समध्ये ऑगस्टाच्या 12 व्या होलवर जॉर्डन स्पीथने पहिला बॉल रेज क्रीक या ओढ्यात घातल्यावर ड्रॉप घेऊन सुमारे 80 यार्डांवरून मारला. क्लब बॉलच्या मागे रुतला आणि तोही बॉल पाण्यात गेला. शेवटी त्या होलवर सात फटके झाले. 50-60 यार्डांचा अर्धा वेज (बॉल उंच उडवणाऱ्या छोट्या पल्ल्याच्या क्लबचा अर्धा स्विंग) हा हौशी खेळाडूचा सर्वांत कच्चा फटका असतो. तुमचा सँड वेज पूर्ण स्विंगने 80 कॅरी होत असेल, तर ग्रीनचा मध्य 80 वर येईल एवढं मागे जा आणि बॉल सपाट गवतावर राहील अशी जागा पाहून तिथेच सोडा.