एम.ए. अर्थशास्त्राचे पेपर शेवटाकडून निवडा

एम.ए.ला प्रवेश झाला की पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न सगळीकडे ऐकू येतो: "स्कोअरिंग पेपर कोणता?" प्रश्न वाईट नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. पेपरांची निवड पहिल्या सेमिस्टरपासून पुढे करत गेलात, तर चौथ्या सेमिस्टरला प्रकल्प हातात येतो आणि त्यासाठी लागणारं निम्मं आपण शिकलोच नाही हे तेव्हा कळतं. म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करायची.

आधी मोजून घ्या, निवड किती आहे

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसारची पदव्युत्तर चौकट 2023-24 पासून लागू झाली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम 80 ते 88 क्रेडिटचा असतो, म्हणजे एका सेमिस्टरला 20 ते 22. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तासांची शिकवणी, तेव्हा चार क्रेडिटचा पेपर 60 तासांचा झाला. आता वही काढा आणि बेरीज करा. मायक्रो, मॅक्रोसारखे अनिवार्य पेपर, पहिल्या सेमिस्टरची रिसर्च मेथडॉलॉजी, दुसऱ्यातलं ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्ट, तिसऱ्या-चौथ्यातला संशोधन प्रकल्प हे सगळं वजा केलं, तर तुमच्या मर्जीचे साधारण चार इलेक्टिव्ह उरतात, सेमिस्टरला एक. विद्यापीठागणिक थोडा फरक पडतो, तेव्हा आपल्या विद्यापीठाचा सिलॅबस उघडून खात्री करा. पण दोन वर्षांत तुम्हाला चारच वेळा विचारलं जाणार आहे, हे लक्षात असू द्या.

मग शेवटचा प्रश्न ठरवा

विषय नको, प्रश्न हवा. "शेतीमालाचे भाव" हा विषय झाला. "8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली, त्यानंतर लासलगावचा भाव किती आणि किती दिवसांत पडला, आणि वाशीच्या घाऊक बाजारातही तो तितकाच पडला का?" हा प्रश्न झाला. पहिल्या वर्षी असा प्रश्न पक्का ठरणार नाही, आणि ठरू नयेही. पुढे तो बदलेल. आत्ता तो फक्त आखणीसाठी उसना घ्यायचा आहे.

आता मागे चालत या. दोन बाजारांचे रोजचे भाव म्हणजे टाइम सिरीज. अशा आकड्यांत कालचा भाव आजच्या भावात शिल्लक असतो. शिवाय आपापल्या कारणांनी वाढत गेलेल्या दोन मालिका शेजारी ठेवल्या की काही संबंध नसताना संबंध दिसतो. साधं रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं) इथे फसवतं, म्हणून टाइम सिरीज इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे अशा आकड्यांसाठीची सांख्यिकी तंत्रं हवीत, फार तर तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत. त्याआधी, दुसऱ्यात, मूळ इकॉनोमेट्रिक्स. त्याच्याही आधी संभाव्यता आणि सांख्यिकी पक्की हवी. निर्यातबंदीचा परिणाम समजायचा तर आंतरराष्ट्रीय व्यापार हवा. भाव पडले तरी कांद्याची खरेदी तेवढी का वाढत नाही, हे मागणीच्या लवचीकतेत, म्हणजे मायक्रोत आहे. कृषी अर्थशास्त्राचा इलेक्टिव्ह मिळाला तर उत्तम. ही साखळी कागदावर उजवीकडून डावीकडे लिहा. पहिल्या सेमिस्टरच्या रकान्यात काय येऊन थांबतं ते पाहा. बहुतेकांच्या कागदावर तिथे गणित आणि सांख्यिकी असेल.

पहिलं सेमिस्टर गणिताला द्या

दहावीनंतर गणिताशी फारकत घेऊन बी.ए. केलेले विद्यार्थी आपल्याकडे खूप आहेत. सप्टेंबरमध्ये मायक्रोच्या तासाला फळ्यावर लग्रांजचा गुणक (अट पाळून कमाल-किमान काढायची गणिती रीत) येतो आणि पुढचे तास नुसते उतरवून घेण्यात जातात. यावर स्वस्त उपाय आहे. बारावी वाणिज्य शाखेची गणिताची दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पहिल्या भागात मॅट्रिक्स आणि विकलन आहे, दुसऱ्यात रेषीय रिग्रेशन, टाइम सिरीज, निर्देशांक आणि संभाव्यता वितरणं. एम.ए.च्या मुलाने बारावीचं पुस्तक उघडायचं म्हणजे कमीपणा, असं वाटत असेल तर कव्हर घाला. वर्ग सुरू होण्याआधी आणि पहिल्या दोन महिन्यांत रोज तासभर दिला तरी दिवाळीपर्यंत फरक जाणवतो. आंशिक विकलन तिथे नाही, पण साधं विकलन हाताखालून गेलं की ते चार दिवसांत जमतं.

याच काळात आर (R) ही आकड्यांच्या विश्लेषणाची संगणकभाषा शिकायला घ्या. ती फुकट आहे, आणि महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कॉलेजात असलं तरी घरी नसतं.

इलेक्टिव्ह भरण्याआधी चौकशी करा

सिलॅबसमध्ये छापलेले सगळे इलेक्टिव्ह शिकवले जात नाहीत. शिक्षक जेवढे, तेवढेच पेपर चालतात. म्हणून सीनियर्सना दोनच गोष्टी विचारा: हा पेपर गेल्या वर्षी खरोखर झाला का, आणि कोणी शिकवला? आमच्या वेळी हौसेने निवडलेला एक इलेक्टिव्ह तिसऱ्या आठवड्यात बंद झाला आणि आम्हा पाच जणांना जागा होती त्या पेपरात ढकललं गेलं. हवा तो पेपर नसेल, तर केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर, म्हणजे स्वयम्‌वर तसा कोर्स आहे का बघा, पण त्याचे क्रेडिट धरले जातील हे विभागाकडून आधी लेखी घ्या.

स्कोअरिंगचा प्रश्न आता विचारायला हरकत नाही. दोन इलेक्टिव्ह साखळीत सारखेच बसत असतील, तर सोपा घ्या.

नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा आयईएस (भारतीय आर्थिक सेवा) डोक्यात असेल, तर त्यांचा सिलॅबसही त्याच कागदाशेजारी ठेवा. आयईएसच्या लेखी परीक्षेत अर्थशास्त्राचे चार पेपर असतात, प्रत्येकी 200 गुणांचे, आणि चौथा पूर्ण भारतीय अर्थव्यवस्थेवर. नेटमध्ये पर्यावरण आणि लोकसंख्या यांचा एक अख्खा घटक आहे. जो घटक तुमच्या पेपरांत कुठेच येत नाही, त्यावर खूण करा आणि तो सुट्टीसाठी ठेवा. त्यासाठी इलेक्टिव्ह खर्च करू नका.

डेटा आधी डाउनलोड करून बघा

दुसरं सेमिस्टर संपायच्या आत. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. कामगारांविषयी प्रश्न असेल तर पीएलएफएसची (रोजगाराच्या नियमित सरकारी सर्वेक्षणाची) घराघरांतली माहिती सांख्यिकी मंत्रालय खुली ठेवतं. फाइल उघडली की खरं दुखणं कळतं. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलावच बंद पडले होते. त्या दिवसांचे आकडे तुमच्या फाइलमध्ये नसतील, आणि ते रिकामे रकाने सरासरीने भरायचे की तसेच ठेवायचे, हे गाइडशी बोलूनच ठरवावं लागेल.

ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्टही याच प्रश्नाला जोडा. ते उन्हाळ्यात करता आलं तर एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांद्याची आवक जोरात असते. बाजार समितीत आठवडाभर सकाळी लिलावाला उभे राहा, आणि फाइलमध्ये "सर्वसाधारण दर" म्हणून जो एकच आकडा दिसतो, तो किती ट्रॅक्टरांमधून निघतो ते मोजा.